कांद्याच्या मुळाचा शेंडा

चौऱ्याहत्तर सालच्या जूनमध्ये जोतीराम कराडच्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत हंगामी शिपाई म्हणून लागला. झाडाझुडपांचं त्याला काडीचं वेड नव्हतं. त्याला हवी होती खोली. कायम झालेल्या शिपायाला कॉलेजच्या मागं एक खोली मिळायची, आणि जोतीरामला थोरल्या भावाच्या घरातून बाहेर पडायचं होतं.

भाऊ हंबीरराव वाईट नव्हता, हेच तर वाईट होतं. तो मारत नव्हता, उपाशी ठेवत नव्हता. पण चप्पल घ्यायची तरी दादाला विचारून, बायकोला माहेरी धाडायचं तरी दादाला विचारून. एकदा जोतीरामनं वाटणीचा शब्द काढला तर हंबीरराव भरल्या ताटावरनं उठला. "आई हाय तवर ह्या घरात दुसरी चूल पेटायची न्हाई!" आई चांगली धडधाकट होती, आणि तिनं तसंच राहावं असंच जोतीरामलाही वाटत होतं. मग बोलणार काय? त्या घरात त्याचा जीव नुसता कोंडायचा.

त्याची बायको विजयमाला म्हणायची, "आवं, चार हात जागा का आसंना, मधी आपली एक भित पायजे."

मार्चमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा आली. एका पेशीच्या दोन कशा होतात, ते पोरांनी कांद्याच्या मुळात शोधून दाखवायचं. देशिंगकर सर सांगून गेले, "जोतीराम, पाण्याच्या ग्लासांवर कांदे ठेव. मुळं फुटली की सकाळी कापून ह्या बाटलीतल्या औषधात टाक." एवढंच. शेंड्याचं काही बोलले नाहीत. वीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला वाटतं, हे तर दगडालाही ठाऊक असणार.

जोतीराम जन्मापासून ऊस तोडत आलेला. उसाचा शेंडा म्हणजे वाढं. कोयत्यानं उडवायचं नि बैलांपुढं टाकायचं. खरा माल बुडख्याकडचा. त्यानं मोठ्या निगुतीनं एकेका मुळाचा शेंडा उडवून केरात टाकला आणि कांद्यालगतचा जाड भाग बाटलीत भरला. सर पाठ थोपटणार, अशी त्याची खात्री होती.

दुसऱ्या दिवशी वीस पोरं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. तास गेला, कुणाला काही सापडेना. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी स्वतः पाहिलं. लांबट पेशी ओळीनं गप्प बसलेल्या, दुभंगणारी एकही नाही.

"मुळं कुणी कापली?"

"मी, सायेब," जोतीराम पुढं झाला. "वाढं काढून, लय साफ करून."

परीक्षक पोट धरून हसले. सर हसले नाहीत. परीक्षा चार दिवस पुढं गेली.

तेवढ्यात कांद्यांना नवी मुळं फुटली. या खेपेला सर जातीनं उभे राहिले. शेंडे कापले, दिवसभर औषधात मुरवले, लाल रंगात ऊन केले, काचेखाली अंगठ्यानं दाबले. मग म्हणाले, "बघ जोतीराम. वाढ शेंड्यातच असते."

नऊ महिने त्यानं तिथं झाडू मारला होता, पण नळीला डोळा लाव असं कुणी म्हटलं नव्हतं. सर एकेक पेशी दाखवत गेले. ही नुसती बसल्यासारखी दिसते, पण आत आपल्या गुणसूत्रांचा धागान् धागा दुप्पट करून ठेवते. हिचे धागे आखडून जाड झालेत. हिचे मधोमध रांगेला लागलेत. हिचे दोन्हीकडं ओढले गेलेत. "शेवटी मधे भिंत येते. झाल्या दोन."

"आदी दुप्पट करती, मग वाटणी?"

"हो. आधी दुप्पट."

"म्हंजी कुणालाच कमी पडत न्हाई," जोतीराम म्हणाला. त्याला त्या पेशींचा चक्क हेवा वाटला.

एका पेशीवरनं त्याचा डोळा हलेना. धागे दोन टोकांना जाऊन पोचलेले, मधली जागा मोकळी. "सर, हिची भित कवा हुईल? मी थांबतो."

"होणार नाही रे. औषधात पडली तेव्हाच मेली ती. जिथं होती तिथंच राहिली."

परीक्षा पार पडली, पण व्हायचा तो बोभाटा झालाच. सरांनी रदबदली केली, उपयोग झाला नाही. महिनाअखेर जोतीरामची मुदत संपली ती संपलीच.

"बरं झालं. घरचा माणूस घरी आला," हंबीरराव म्हणाला आणि त्यानं कोयता हातात दिला. तो मनापासून खूश होता. रागावला असता तर जोतीरामला सोसलं असतं.

दुपारी विजयमाला रानात भाकरी घेऊन आली. पाटी सगळ्यांची मिळून एकच होती. जोतीरामपुढं भाकरी ठेवताना तिनं हळूच विचारलं, "खोलीचं आता काय न्हाईच का?"

"समदं झालं हुतं, माले. भित तेवढी घालायची राह्यली."

"मग घालू की कवातरी."

बांधावरनं हंबीररावची हाक आली, "जोत्या, बैलं भुकेली हायती रं!"

भाकरी तशीच ठेवून जोतीराम उठला, वाढ्याची पेंढी खांद्यावर घेतली आणि बैलांकडं गेला.