वानखडे सरांची हिरवी गोगलगाय

वानखडे सरांच्या जाण्याने जिल्ह्याने एक थोर समुद्र-अभ्यासक गमावला, असं कामरगावच्या शोकसभेत एका पुढाऱ्याने सांगितलं. सरांनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता. शिक्षकांच्या सहलीत, दीड दिवस.

त्या दीड दिवसात बाकीचे शिक्षक मासळी खात असताना सर ओहोटीच्या खडकांतल्या डबक्यांवर वाकून बसले, आणि तिथे त्यांना ती भेटली. शंख नसलेली समुद्री गोगलगाय. बोटाच्या पेराएवढी, पानासारखी हिरवी, डोक्यावर दोन मऊ शिंगं. ती शेवाळाचा रस शोषते, त्यातले हिरवे कण न पचवता अंगातच ठेवते आणि अंगाच्या दोन्ही बाजूंच्या पातळ पाळ्या पसरून उन्हात पडून राहते. ऊन फार झालं की पाळ्या मिटून घेते... आम्हा मुलांना दाखवायला म्हणून सरांनी एक गोगलगाय स्पिरिटच्या बाटलीत घालून आणली. दरवर्षी पान स्पिरिटमध्ये उकळून त्याचा हिरवा रंग काढून दाखवणाऱ्या माणसाला हे सुचू नये! बाटली वर्गात आली तेव्हा आत एक पांढरट वळकटी होती.

“सर, हे त कपाशीतली अळी हाये,” मागच्या बाकावरून गजानन म्हणाला.

“हिरवी होती रे.”

“मंग कोनं धुतली?”

वर्ग हसला. मीही हसलो. सरही हसले, पण जरा उशिरा...

पुढे मी त्याच शाळेत विज्ञान शिकवू लागलो. तोवर धुलाईचा विनोद गावभर झाला होता. शेवटच्या भेटीत सर खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, “तू एकदा जाऊन पाह्य. गावातल्या एका तरी मान्सानं मनलं पाह्यजे, का हिरवी होती.”

“दिवाळीत जातो, सर,” मी म्हणालो. दिवाळीत मी घराला रंग दिला. महिनाभरात सर गेले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मी कोकणात गेलो. ओहोटीला दोन तास वाकून राहिलो. पाठ अवघडली, तेवढ्यात शेवाळाचा एक तुकडा आपणहून सरकला. दोन मऊ शिंगं वर आली. हिरवी. कोवळ्या हरभऱ्यासारखी हिरवी. “सर, हिरवीच हाये,” मी मोठ्याने म्हणालो. शेजारी गळ टाकून बसलेला माणूस थोडा लांब सरकला.

गोगलगाय तिथेच ठेवली. फोटो काढला आणि सोमवारी वर्गात दाखवला. पुढच्या बाकावरच्या मुलीने तो बोटांनी मोठा करून, फोन तिरका करून, नीट पाहिला.

“सर, याच्यात गोगलगाय कुठी हाये?”

फोटोत शेवाळ फार छान आलं आहे.