चाळणीबाईंची सही

चाळणीबाई डूख धरायच्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर त्यांना साधीभोळी बाई समजाल आणि मग माझ्यावर खापर फोडाल. वर्तमानपत्राच्या कचेरीत, जिन्याखालच्या टेबलाशी बसून त्यांनी एकवीस वर्षं मुद्रितं तपासली. हातात लाल पेन, ओळीखाली पोलादी पट्टी. पट्टी एकेक ओळ खाली सरकायची आणि त्यांच्या नजरेतून काही म्हणता काही निसटायचं नाही, म्हणून ते नाव पडलं.

मग पेपर छापायचा बंद झाला आणि त्याची वेबसाइट झाली. नवे संपादक आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. "बाई, आता चूक झाली तर दोन मिनिटांत बदलता येते. आणि खरं सांगू का, वाचतं कोण? लोक वरची ओळ बघतात, फोटो बघतात, पुढे जातात." बाईंनी पट्टी पिशवीत टाकली आणि त्या घरी आल्या. ते 'वाचतं कोण' मात्र त्यांनी जपून ठेवलं.

घरी बसून त्या साइट रोज वाचायच्या, खपली खरवडावी तशा. शीर्षकात मेलेला माणूस चौथ्या परिच्छेदात पोलिसांना जबाब देत असायचा. एकच पूल सकाळी तीनशे मीटरचा आणि दुपारी तीन किलोमीटरचा. ऱ्हस्वदीर्घाबद्दल तर बोलायलाच नको. बाई सगळं तारीख-वेळ घालून वहीत उतरवायच्या. हे का होतं तेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिथे नवी बातमी कोऱ्या पानावर कुणी लिहायचंच नाही. त्याच विषयावरची जुनी बातमी उघडायची, तिच्यावरच नवी लिहायची, नावं-आकडे बदलायचे आणि द्यायची सोडून. त्या घाईत जुन्यातलं काही ना काही नव्यात राहून जायचं.

एक दिवस त्यात त्यांचा धाकटा भाऊ राहून गेला.

भाऊ शाळेची बस चालवायचा. बावीस वर्षांत बसला ओरखडा नाही. दोन वर्षांपूर्वी शाळेने त्याचा सत्कार केला, तेव्हा याच साइटने त्याचा फोटो टाकला होता. पुढे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला कुणा भलत्याच चालकाने दारू पिऊन शाळेची बस भिंतीवर घातली. ती बातमी या महाभागांनी सत्काराच्या बातमीवरच लिहिली. खाली नाव त्या दारुड्याचं आणि वर चेहरा याचा. फोटो दोन दिवस तसाच होता, तेवढ्यात तो पालकांच्या फोनाफोनांतून फिरून आला.

मुख्याध्यापिका वाईट नव्हत्या. त्या भावाला म्हणाल्या, "तुम्ही नाही, हे मला कळतंय हो. पण पालकांना तोंडी काय सांगू? ज्यांनी छापलं त्यांच्याकडूनच चूक झाली असं छापून आणा. तोवर बस दुसरा कुणी चालवेल. नवं सत्र सुरू होईपर्यंत मी थांबते, त्यापुढे माझ्या हातात नाही."

भाऊ बाईंच्याच घरी राहायचा. सवयीने तो पहाटे साडेपाचला उठायचा, दाढी करायचा, गणवेशाचा शर्ट घालून खिडकीशी खुर्चीत बसायचा. सात वाजता त्याची बस समोरच्या रस्त्यावरून गेली की आत जाऊन शर्ट काढून ठेवायचा. बाई स्वयंपाकघरातून हे रोज बघायच्या आणि वहीत रोज एक रेघ मारायच्या.

त्या संपादकांकडे गेल्या. संपादक फोनमध्ये डोकं घालून बसले होते. "फोटो काढला ना? मग झालं की," ते म्हणाले.

"दुरुस्ती छापा. चार ओळी पुरतील."

"दुरुस्ती छापली की चूक कबूल केल्यासारखं होतं, बाई. उद्या आणखी दहा जण दारात उभे राहतील. आणि तुमच्या भावाला ओळखतं कोण एवढं?"

एवढं बोलून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नव्हती. बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण त्या फक्त "बरं" म्हणाल्या आणि जिना उतरल्या. बाईंना ओळखणारा कुणी तिथे असता तर त्या 'बरं'ने त्याची झोप उडाली असती.

दोन महिने गेले. संस्थेचा वर्धापन दिन आला, स्मरणिका निघायची होती. मागल्या वर्षीच्या स्मरणिकेत मालकांच्या दिवंगत वडिलांचं नाव उपस्थित पाहुण्यांच्या यादीत छापलं गेलं होतं. मालकांनी बजावलं, "चाळणीबाईंची सही असल्याशिवाय एक पान छापायचं नाही." मग काय, संपादकांचा फोन आला, आवाजात साखर घोळलेली. भावाचं प्रकरण ते केव्हाच विसरून गेले होते. विसरले, याचाच बाईंना जास्त राग आला.

बाई पुन्हा जिन्याखाली बसल्या. एकशेवीस पानं, तीन दिवस. दुसऱ्या पानावर संपादकांचं मनोगत असायचं, ते पान कोरं होतं. बाई विचारायला वर गेल्या.

"मागच्या वर्षीचंच घ्या हो," संपादक म्हणाले. "त्याच्यावरच जरा इकडचं तिकडं करा, वर्ष बदला. साइटवरही तेच जाईल, तिकडेही तुम्हीच पाठवा."

"लिहून आणते. एकदा वाचून घ्याल?"

"वाचतं कोण, बाई?"

बाईंनी तासाभरात मनोगत लिहून त्यांच्यापुढे ठेवलं. वर जुन्या रीतीची चिठ्ठी टाचली होती: 'वाचले. छापावे.' संपादकांनी एका हाताने फोन कानाला धरून दुसऱ्या हाताने सही ठोकली. बाईंनी चिठ्ठीची प्रत काढून पर्समध्ये ठेवली.

कार्यक्रम सकाळी होता. सभागृह भरलेलं. चौथ्या रांगेत भाऊ, इस्त्रीचा शर्ट घालून, ताईने आणलं म्हणून आलेला. संपादकांनी चष्मा लावला, स्मरणिका उघडली आणि भरदार आवाजात मनोगत वाचायला घेतलं. पहिला परिच्छेद मागल्या वर्षीचाच, वाचकांच्या विश्वासाबद्दल. त्याच लयीत ते दुसऱ्यात शिरले.

"तीन महिन्यांपूर्वी आम्ही एका निर्दोष बसचालकाचा फोटो दारुड्या चालकाच्या बातमीत छापला. तो दोन दिवस तसाच राहिला. त्यांची बहीण सांगायला आली, तेव्हा मी मान वर करून तिच्याकडे पाहिलंही नाही..."

इथे त्यांचा आवाज अडखळला. पण शेजारी मालक बसले होते, आपल्या प्रतीत ओळीवर बोट ठेवून. "वाचा की पुढे," मालक म्हणाले.

संपादकांनी चष्मा सारखा केला. त्यांनी वाचलं. "तिने मागितलेली दुरुस्ती मी नाकारली. चूक आमची होती आणि नकार माझा होता. त्या चालकाची मी सर्वांसमोर माफी मागतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. केवढं मोठं मन, असं कुणीतरी मागे म्हणालं. भावाने टाळी वाजवली नाही. तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. बाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मग पुन्हा संपादकांकडे, कारण त्यांना तो चेहरा पोटभर बघायचा होता. त्याच वेळी मनोगत साइटवरही गेलं होतं, वर भावाचा तोच फोटो, तेवढ्याच आकाराचा.

संपादकांनी त्यांना मागच्या बोळात गाठलं. "हे तुम्ही माझ्या तोंडी घातलंत?"

बाईंनी पर्समधून चिठ्ठीची प्रत काढून समोर धरली. "तुमची सही आहे. आणि त्या मजकुरात एक तरी चूक दाखवा. आकडा, तारीख, काहीही."

संपादकांनी प्रत हातात घेऊन सही दोनदा पाहिली.

"पुस्तकात मात्र एक चूक मी मुद्दाम ठेवली आहे," बाई म्हणाल्या. "मागल्या वर्षीपेक्षा मोठी. मालकांच्या नजरेस पडायच्या आत शोधा."

"कुठल्या पानावर?"

"वाचा की."

मुख्याध्यापिकांनी स्मरणिकेचं ते पान पालकांना पाठवलं. सोमवारी सात वाजता बस रस्त्यावरून गेली, तेव्हा खिडकीशी खुर्ची रिकामी होती. बाईंनी वहीतल्या रेघा मोजल्या. सत्त्याण्णव.

संपादकांचा फोन हल्ली दर दोन दिवसांनी येतो. स्मरणिका तिसऱ्यांदा वाचून होत आली आहे, अठ्ठ्याऐंशीव्या पानावर आहेत. पोलादी पट्टी विकत आणली म्हणे. मालकांच्या केबिनचं दार वाजलं तरी दचकतात. "बाई, सांगून टाका हो," ते म्हणतात. बाई म्हणतात, "पुढे वाचा."

पुस्तकात एकही चूक नाही. चाळणीबाईंनी सही केलेल्या पानांत ती राहीलच कशी? हे त्या एक दिवस संपादकांना सांगणार आहेत. भाऊ सत्त्याण्णव दिवस त्या खुर्चीत बसला होता. संपादकांच्या नावाने वहीत आज बाविसावी रेघ पडली.