फुआतिनोच्या गादीखालची चटई

फुआतिनो घाबरते, असं कुणी आमच्या टेकडीवर म्हटलं असतं तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. एकोणिसाव्या वर्षी ती सामोआतून न्यूझीलंडला आली. तीस वर्षं इस्पितळात फरशा पुसल्या, आणि ओल्या फरशीवर पाय देणाऱ्या मोठमोठ्या डॉक्टरांना झाडूच्या दांड्यानं मागे सारलं. नवरा पुरला, तीन लेकरं वाढवून ऑस्ट्रेलियाला लावून दिली. अशा बाईच्या तोंडचं पाणी महापालिकेच्या एका पानाच्या पत्रानं पळावं, हे आम्हालाही नवीन होतं.

पत्र होतं बुधवारच्या अनुदानाचं. पण आधी बुधवार काय ते सांगायला हवं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत फुआतिनोला घरी येताना बसमध्ये रोज एक म्हातारी दिसायची. खिडकीशी बसलेली, मांडीवर पर्स. एकदा फुआतिनो चष्मा विसरली म्हणून परत इस्पितळात निघाली, तर उलट्या बसमध्येही तीच म्हातारी!

"कुठं जाता हो रोज?" फुआतिनोनं विचारलं.

"कुठंच नाही गं. घरात सगळे कामावर. हीटर लावला तर सून बिल दाखवते. बस गरम असते, आणि आम्हा म्हाताऱ्यांना फुकट."

ती सालिलो. पुढच्या बुधवारी फुआतिनोनं चर्चच्या हॉलची किल्ली मागून घेतली, हीटर लावला आणि तारोच्या कंदांचं पातेलं चढवलं. दोघीच जेवल्या. आता चौतीसजण येतात. व्हॅन त्यांना घरून आणते, एक नर्स रक्तदाब बघते, मग गाणी, विणकाम, भांडणं आणि जेवण. बाकीचे सहा दिवस त्यातल्या निम्म्यांशी कुणी तोंड भरून बोलत नाही.

हॉलचं भाडं, हीटर आणि व्हॅन, सगळं महापालिकेच्या अनुदानावर चालायचं. पद्धत अगदी सोपी. वर्षातून एकदा ग्रॅहम नावाचा गोरा साहेब यायचा, आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या पेनी आजोबांच्या शेजारी बसून नारळाच्या दुधातले तीन पाव खायचा, माणसांवरून नजर फिरवायचा आणि जाताना म्हणायचा, "पुढच्या वर्षी भेटू." झालं अनुदान.

ग्रॅहम निवृत्त झाला आणि त्याच्या पाठोपाठ ती पद्धतही. नव्या पत्रात लिहिलं होतं, की शहरातल्या सगळ्या संस्था आता एका रांगेत उभ्या राहतील आणि प्रत्येकीला शंभरातले गुण मिळतील. सत्तरच्या वर गेलात तर तीन वर्षांची सोय. खाली राहिलात तर काहीच नाही. महापालिकेचं म्हणणं, आजवर ओळखीपाळखीनं वाटप झालं, आता न्यायानं होईल. ते खोटंही नव्हतं. टेकडीपलीकडच्या सोमाली बायकांना ग्रॅहम इतक्या वर्षांत कधी सापडलाच नव्हता. पण न्याय आपल्याच दारात आला की माणसाला कापरं भरतं.

अर्ज भरला फुआतिनोच्या भाचीनं. लेमापू तिचं नाव, इस्पितळात नर्स, रात्रपाळ्यांनी पिचलेली.

"मावशी, इथं विचारलंय, कामाचा परिणाम काय?"

"लिही, जेवतात."

"आणि त्यानं काय होतं?"

"पोट भरतं, बये! आणखी काय होणार?"

"असं लिहिलं तर दहासुद्धा मिळायचे नाहीत," लेमापू म्हणाली आणि स्वतःच्या मनानं काहीतरी मोठं मोठं लिहीत बसली. फुआतिनो शेजारी बसून नुसती बोटं मोडत राहिली. ज्या कामाचं आपल्याला नावसुद्धा सांगता येत नाही, ते आपण इतकी वर्षं केलं तरी कसं, असं तिला वाटायला लागलं. अर्जासोबत नियमांची चाळीस पानं होती. लेमापूनं त्यातली वीस वाचली आणि तिची ड्युटी सुरू झाली.

मग एका बुधवारी गुण देणारी बाई आली. फिलिपा नाव, तिशीची, हातात टॅब. हॉलमध्ये सगळे इस्त्रीच्या कपड्यांत, शाळेत तपासणी असल्यासारखे गप्प. फिलिपा बसलेल्या म्हाताऱ्यांच्या समोरून ताठ मानेनं चालत गेली. आमच्यात बसलेल्या वडीलधाऱ्यांसमोरून जाताना कमरेत वाकतात. पेनी आजोबा शहाऐंशी वर्षांचे, गावात सरदारांच्या वतीनं भाषणं करणारे, जिभेला हाड नसलेले. आता हे काहीतरी बोलणार आणि दहा गुण जाणार, म्हणून फुआतिनो घाईनं त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आजोबांनी फक्त खाकरून घेतलं.

फिलिपानं प्रश्नांवर प्रश्न विचारले. लाभार्थी निवडता कसे? मोजमाप कसं करता? डॉक्टरांना दरडावणारं फुआतिनोचं इंग्रजी कुठं पळालं कोण जाणे.

शेवटी फिलिपानं टॅब मिटला. "माफ करा हं," ती म्हणाली, "आज माझं लक्ष थाऱ्यावर नाही. शनिवारी माझी आजी गेली. तिनंच मला वाढवलं. आणि इथं या सगळ्या आज्या..." तिला पुढं बोलवेना.

झालं. फुआतिनोची भीती त्या क्षणी निघून गेली. समोर गुण देणारी बाई उरलीच नाही, मयताच्या घरचं माणूस उरलं. आणि मयताच्या घरचं माणूस आमच्या दारातून रिकाम्या हातानं जात नाही. फुआतिनो दोन घरं सोडून असलेल्या आपल्या घरी गेली, पलंगाची गादी उचलली आणि खालून चटई काढली.

ही चटई म्हणजे बसायची नव्हे. केवड्याची पानं उकळून, समुद्राच्या पाण्यात बुडवून, उन्हात पांढरी करून, नखानं दोऱ्याएवढी चिरून ती विणतात. ही विणायला फुआतिनोच्या आईला चौदा महिने लागले होते आणि त्यात आईचे डोळे अधू झाले होते. कडेला लाल पिसं. हात लावला तर रेशमी कापड वाटावं. अशी चटई लग्नात देतात, मयतात देतात, आणि गावात खुनापर्यंत मजल गेलेली भांडणं अशाच चटईनं मिटलेली आहेत. ही गावातल्या एका म्हाताऱ्याच्या मयतात गेली होती आणि फुआतिनोच्या लग्नात परत आली होती. स्वतःच्या नवऱ्याच्या मयतातसुद्धा तिनं ती बाहेर काढली नव्हती.

पेनी आजोबा दोन काठ्या टेकत उभे राहिले आणि त्यांनी चटई कुणी विणली, कुठून कुठं गेली, सगळं मोठ्यानं सांगितलं. फिलिपानं ती दोन्ही हातांनी घेतली. तिला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण ती रडली. सगळ्या म्हाताऱ्यांना बरं वाटलं. पोरगी अगदीच काही वाया गेलेली नाही, असं सालिलो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लेमापूला सुट्टी होती. तिनं उरलेली वीस पानं वाचायला घेतली आणि एकतिसाव्या पानावर ती थांबली.

"मावशी, ऐक. गुण देणाऱ्याला मौल्यवान भेट दिल्यास अर्ज रद्द होईल."

"भेट कुठली? मयताचं होतं ते."

"हे तू त्यांना कसं सांगणार?"

"म्हणजे... मी लाच दिली?"

लेमापूनं ते पान तिच्यासमोर सरकवलं. फुआतिनो मटकन खाली बसली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, त्यातलीच गत. लाच नव्हती हे सिद्ध करायचं तर चटईला किंमत नाही म्हणायचं, आणि चटई परत मागावी तर मयताला दिलेलं परत घेणाऱ्या बाईचं तोंड कुणी बघत नाही.

बुधवारी आजोबांच्या कानावर गेलं. त्यांनी लगेच उपाय काढला. "पोरी, आपली रीत आहे ना. डोक्यावर चटई पांघरून महापालिकेच्या दारात मान खाली घालून बस. ते चटई काढतील, माफ करतील, मिटलं."

"आणि ती पांघरलेली चटई त्यांनाच द्यायची ना, आजोबा?" लेमापू म्हणाली. "एका चटईनं अडकलोय, तर दुसरी द्यायची. मग तिच्यासाठी तिसरी."

सगळे हसले. फुआतिनोला हसू आलं नाही. तिचा जीव त्या दिवसापासून टांगणीला लागला. फोन वाजला की काळजात धस्स व्हायचं. व्हॅनमधून उतरणाऱ्या सालिलोला हात देताना तिच्या मनात यायचं, हीटर बंद झाला की ही परत बसमध्ये जाऊन बसणार. सालिलोला आता पायऱ्या चढवत नव्हत्या. बसमध्ये तरी कशी चढणार होती ती?

तिसऱ्या आठवड्यात फोन आला. महापालिकेत या, चौथा मजला, भेटीसंबंधी.

लेमापूला रजा मिळाली नाही. फुआतिनो एकटीच गेली, चर्चचा पांढरा पोशाख घालून. लिफ्टमध्ये तिनं दांडा धरून ठेवला.

ह्यूगो नावाचा अधिकारी होता, तरुण आणि मऊ बोलणारा. टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत तिच्या आईची चटई होती, दोन घड्या चुकीच्या पडलेली.

"घाबरू नका," तो म्हणाला. असं कुणी म्हटलं की माणूस जास्तच घाबरतं. "फिलिपानं त्याच दिवशी भेटीची नोंद केली. तुमच्या अर्जाला आता दुसरं कुणीतरी गुण देईल. फक्त एक गोष्ट राहिलीय, वस्तूची किंमत. पन्नास डॉलरच्या आत असेल तर ती किरकोळ भेट, काही अडचण नाही. वर असेल तर मात्र अर्ज बाद. आम्ही इंटरनेटवर बघितलं, विणलेल्या चटया तीस-चाळीसला मिळतात. मी चाळीस लिहिलंय. बरोबर आहे ना?"

फुआतिनोनं पिशवीकडे बघितलं. लाल पिसं प्लॅस्टिकला चिकटली होती. आईचे अधू डोळे, दिव्याजवळ नेलेला चेहरा, दातांत धरलेलं पान, सगळं तिला दिसलं. चाळीस! रागानं तिचे कान तापले. बरोबर नाही, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं.

आणि भीतीनं ते पुन्हा मिटलं. बाहेर खिडकीतून बस जाताना दिसत होती.

"हो," ती म्हणाली. "बरोबर आहे."

"मग इथं सही करा."

तिनं सही केली. आयुष्यात इतकी वाकडी सही तिनं कधी केली नव्हती. ह्यूगोनं सांगितलं, की किरकोळ भेट असल्यामुळे आता फिलिपा ती घरी नेऊ शकेल. तिनं दोनदा विचारलंय.

दाराशी जाऊन फुआतिनो परत वळली. "तिला सांगाल का, ती पायाखाली घालायची नसते."

"नक्की," म्हणत त्यानं पिशवीच्या चिठ्ठीवर, चाळीस डॉलरच्या खाली, तसं लिहून टाकलं.

निकाल एका बुधवारी सकाळीच आला. चौऱ्याहत्तर गुण. तीन वर्षं. लेमापू कामावरच्या कपड्यांतच हॉलमध्ये धावत आली, आणि चौतीस म्हाताऱ्यांनी असा गलका केला की नर्सनं त्या दिवशी रक्तदाब घेतलेच नाहीत. ज्यांना नाचता येत होतं ते नाचले, ज्यांना येत नव्हतं त्यांनी काठ्या आपटल्या.

फुआतिनो स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात झारा घेऊन. तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी भीती तेव्हा तिच्यासमोर होती. महापालिका परवडली. पेनी आजोबांपासून काही लपवून त्यांना जेवायला वाढणं तिला जमणार नव्हतं.

"आजोबा," ती म्हणाली, "महापालिकेतल्या पोरानं चटईची किंमत चाळीस डॉलर लावली. मला विचारलं, बरोबर का. मी हो म्हटलं. सही केली."

सामोआत एखाद्या बाईनं आईच्या चटईबद्दल असं म्हटलं असतं तर तिला गावात राहणं कठीण झालं असतं. फुआतिनोला ते माहीत होतं, आणि तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"चाळीस?" सालिलो पुटपुटली. "माझ्या चपला पंचावन्नच्या आहेत."

कुणी हसलं नाही. मग आजोबांनी काठ्या ओढल्या. एक, मग दुसरी. त्यांना उठताना बघून फुआतिनोनं झारा घट्ट धरला. आता हे सगळ्यांसमोर आपल्याला बोलणार, आपल्या आईचं नाव घेऊन बोलणार.

त्यांनी आईचं नावच घेतलं. पूर्ण नाव, गाव, बापाचं नाव. मग ते म्हणाले, "ती चटई मयताला गेली, लग्नाला आली. आता ती चौतीस माणसांना तीन वर्षं जेवायला घालणार. त्या पोराला चटई वाचता येत नाही, हा त्या पोराचा दोष. तू तुझं काम केलंस. आता आम्ही आमचं करतो."

मोठी चटई स्वीकारली, की घेणाऱ्या बाजूनं उभं राहून मोठ्यानं तिचे आभार मानायचे असतात. चौथ्या मजल्यावर ते कुणी केलं नव्हतं. आजोबांनी मान मागे टाकून आरोळी दिली, आणि ज्यांना उभं राहता येत होतं ते सगळे उभे राहिले. सालिलोला उठवेना, तर तिनं लेमापूचा दंड धरला आणि उठली.

फुआतिनो तशीच दारात उभी होती. तिनं पदरासारखं एप्रन तोंडावर घेतलं.

"आता रडतेस काय," आजोबा ओरडले, "तारो करपतोय!"