पद्मनाभांनी ठेवलेली सवलत

पद्मनाभ आमच्या मेटगळ्ळीच्या ऑफिसात एकोणीस वर्षं सर्व्हर सांभाळत होते. घराणं मराठी रंगाऱ्यांचं, कित्येक पिढ्या म्हैसूरचं. कुणी घाई केली की ते मुद्दाम चष्मा पुसत बसायचे. मला अस्सा राग यायचा. महिनाअखेर त्यांचं कंत्राट संपत होतं आणि ते वाढवणं अमेयच्या हातात होतं. अमेय पुण्याहून आलेला, एकतीस वर्षांचा, आमचा साहेब.

शनिवारी दुपारी तो म्हणाला, "जुना कनेक्टर आज काढू. एचटीटीपीवाला लावू. जुन्याचा आता भरवसा नाही."

आमची साइट एका हॉस्पिटलच्या रिपोर्टांची. रुग्णाची मागणी बाहेरचा वेब सर्व्हर घेतो, रिपोर्ट आतला ॲप्लिकेशन सर्व्हर देतो, मधली ने-आण कनेक्टरची. मागणी कुणाच्या मशीनवरून आली, हेही जुना कनेक्टर आत सांगायचा. अमेयने केलेल्या जोडणीत मात्र प्रत्येक मागणी आमच्याच मशीनवरून आलेली दिसणार होती.

एवढ्याने काही बिघडलं नसतं. पण लॅबचा छपाईचा प्रोग्राम त्याच मशीनवर चालायचा, आणि त्याला अडवू नये म्हणून पद्मनाभांनी पूर्वी परस्पर सवलत लिहून ठेवली होती: आपल्याच मशीनवरून आलेल्याला पासवर्ड विचारायचा नाही. नोंद कुठेच नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती फक्त मला दाखवली होती. आता कनेक्टर बदलला की कुणीही, कुणाचाही रिपोर्ट उघडणार.

अमेयने शेवटची कमांड टाइप केली. एंटर तेवढं दाबायचं राहिलं होतं. बोलले तर 'दोन वर्षं गप्प का बसलीस' हे आलंच. मी माझ्या स्क्रीनकडे बघत राहिले. पद्मनाभ चष्मा पुसत होते.

"स्वल्प थांबा सार," ते म्हणाले. "हे केलं तर सगळ्यांचे रिपोर्ट उघडे पडतात. आत मी एक सवलत ठेवलीय. तप्पु माझंच, माझीच चूक."

अमेयने कोड उघडून वाचला. "हे आणखी कुणाला माहीत होतं?"

पद्मनाभांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "यारिगू नाही सार. मी एकटाच."

संध्याकाळपर्यंत त्या दोघांनी सवलत काढली, खरा पत्ता आत पोचेल अशी सोय केली आणि नवा कनेक्टर लावला. एकही रिपोर्ट बाहेर गेला नाही. कंत्राट मात्र वाढलं नाही.

त्यांचं काम आता माझ्याकडे आहे. परवा नव्या लोकांशी ओळख करून देताना अमेय म्हणाला, "रजनी काही लपवून ठेवत नाही." मी हसून मान डोलावली.