कानाची उंची

“दुकानात वाजले ते हेच का हो?” नाडगीर वकिलांनी विचारलं. ते सतरंजीवर मांडी घालून बसले होते आणि नव्या स्पीकरांकडे फितूर साक्षीदाराकडे पाहावं तसं पाहत होते. स्पीकर घेऊन आठवडाही झाला नव्हता. तेवढ्यात मला हुबळीहून धारवाडला बोलावणं आलं होतं.

विद्यानगरात माझं ऑडिओचं दुकान आहे. घरच्या स्टिरिओचं सामान विकतो, लागलं तर घरी जाऊन बसवूनही देतो. वकिलांनी दुकानातल्या सोफ्यावर बसून, सावकाश ऐकून, टॉवर स्पीकर निवडले होते. टॉवर म्हणजे थेट जमिनीवर उभे करायचे उंच स्पीकर. “जोडणी मी करतो, जुने मीच जोडले होते,” म्हणून घेऊन गेले.

जुने का बदलायचे, तेही त्यांनी सांगितलं होतं. दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे मित्र जमत. दोन तास गाणं, मग त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, हातचं उप्पिट आणि कॉफी. निवृत्तीनंतर त्यांचा आठवडा त्या सकाळसाठीच असायचा. पण गेल्या वर्षभरात एकेक जण गळत गेला. सर्वांत जुने मित्र शिवप्पा मास्तर एकदा जाता जाता म्हणाले, आवाज जरा दबल्यासारखा वाटतो. वकिलांनी ते मनाला लावून घेतलं. “आवाज सुधारला की येतील सगळे,” ते मला म्हणाले होते. माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांना शेजाऱ्यांच्या खिडक्या हलवायच्या असतात. मित्र परत यावेत म्हणून स्पीकर घेणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला. मला ते फार आवडलं होतं.

आता आवाज खरंच दबलेला होता. आधी वायरी पाहिल्या. एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे लागले तर दोन्ही स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध काम करतात आणि गाणं पोकळ वाटतं. वायरी बरोबर होत्या. ॲम्प्लिफायरही ठीक होता. मी ऐकायला वकिलांशेजारी बसलो तर तंबोरा मळकट, उठून उभा राहिलो तर स्वच्छ. तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. दोन्ही स्पीकर चौरंगांवर उभे होते.

“हे चौरंगावर कुणी चढवले?”

“मीच. गवयाची बैठक उंचच असते की.”

स्पीकरमध्ये वरच्या बाजूला एक लहानसा गोल असतो, ट्वीटर. बारीक, धारदार आवाज तो काढतो आणि तो आवाज बॅटरीच्या झोतासारखा सरळ समोर जातो. झोत डोक्यावरून गेला तर खाली बसलेल्याला उरलासुरला आवाज मिळतो. चौरंग काढले. फरक पडला, पण पुरता नाही. टॉवर स्पीकर सोफ्यावर बसणाऱ्यांसाठी बनवतात. त्यांचा ट्वीटर खुर्चीतल्या कानासमोर येतो.

“मग खुर्चीत बसून ऐका,” मी म्हटलं.

“गवई मांडी घालून गाणार आणि आपण पाय सोडून ऐकणार? आमच्याकडे ते चालत नाही.”

तत्त्वापुढे मी वाद घालत नाही, धंद्यात परवडत नाही. म्हटलं, टॉवर परत घेतो, लहान स्पीकर देतो आणि त्यांना बुटके स्टँड करून घेऊ. उंची मात्र खाली बसणाऱ्यांच्या कानावरून ठरवावी लागेल, तर कुणाला तरी बोलवा. पलीकडच्या गल्लीतून शिवप्पा मास्तर आले. मी मापाची टेप काढली.

मास्तर भिंतीला धरून, बेतानं खाली बसले. मी त्यांच्या कानाची उंची घेतली. काकूंनी कॉफी आणली. थोडा वेळ गाणं ऐकून ते उठायला लागले आणि आधाराला जवळचा स्पीकर धरला. स्पीकर कलला. मी एका हातानं तो आणि दुसऱ्या हातानं मास्तरांना सावरलं. ते उभे राहिले तेव्हा कपाळावर घाम होता.

“अहो मास्तर, काय झालं?” वकील घाबरले होते.

“कूडोदु सुलभ री, एळोदु कष्ट,” मास्तर म्हणाले. बसणं सोपं, उठणंच अवघड. मग हळूच म्हणाले, “गुडघे गेलेत, वकीलसाहेब. माझे एकट्याचे नाही, सगळ्यांचेच.”

“आणि आवाज दबलेला होता ते?”

“काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं री.”

“इतके दिवस बोलला का नाहीत?”

“गाणं खालीच बसून ऐकायचं, हे तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलेलं. त्यावर काय बोलायचं?”

मला वकिलांकडे पाहवेना, म्हणून मी टेप गुंडाळत बसलो. काकू मात्र उठल्या. आतून एक खुर्ची आणली आणि मास्तरांच्या मागे ठेवली.

“खुर्चीत बसलं तर हेच स्पीकर चालतील?” वकिलांनी मला विचारलं.

“त्यासाठीच केलेत.”

टॉवर तिथेच राहिले. लहान स्पीकरांची आणि स्टँडांची ऑर्डर माझ्या हातची गेली. पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेलो. खोलीत जमतील तेवढ्या खुर्च्या, तीन मित्र आले होते आणि तंबोरा लख्ख ऐकू येत होता. वकील मात्र पुढे सतरंजीवर, मांडी घालून. मी वाकून त्यांना सांगितलं, “साहेब, तिथे तुम्हाला बारीक आवाज कमी मिळणार. सगळ्यांना एकाच उंचीवर आणल्याशिवाय यावर माझ्याकडे इलाज नाही.”

“असू दे,” ते म्हणाले. “घरचा माणूस पंगतीत शेवटीच बसतो.”

तेव्हापासून कुणी आवाजाची तक्रार घेऊन आलं की मी मॉडेल नंबर नंतर विचारतो. आधी विचारतो, ऐकायला कोण कोण येतं आणि ते बसतात कुठे.