गाडी श्यामलाबाईंची

कागदोपत्री गाडी श्यामलाबाई वर्तकांची, विमा त्यांच्या नावावर, तेलाने काळी होणारी नखंही त्यांचीच. तरी नॉटिंगहॅममधली यच्चयावत मंडळी तिला ‘श्रीकांतरावांची मस्टँग’ म्हणत. श्रीकांतराव युनिव्हर्सिटीत संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. पाना आणि पक्कड यांतला फरक त्यांना सांगावा लागे, आणि सांगितलेला संध्याकाळपर्यंत टिकत नसे. पण गाडी लाल, लांबलचक, आठ सिलिंडरांची. सुरू झाली की शेजाऱ्यांच्या खिडक्या थरथरत. असली गाडी कपाळाला टिकली लावणाऱ्या, सत्तरीला टेकलेल्या बाईची असेल, हे कुणाच्या डोक्यात शिरतच नसे.

श्यामलाबाईंना या गोष्टीचा संताप येई, आणि तो जुना होता. हॉस्पिटलात त्या भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. उभी हयात त्यात गेली, पण शेवटच्या वर्षापर्यंत पेशंट त्यांना विचारत, “डॉक्टर कधी येणार?” निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉलेजात मोटारदुरुस्तीच्या संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं आणि मग ही गाडी घेतली. कार्बोरेटर त्यांना पहिल्याच दिवशी समजला. हवा किती आणि वाफ किती, एवढाच तर प्रश्न होता, आणि आयुष्यभर त्यांनी दुसरं केलं काय होतं?

यंदा दसऱ्याला श्रीकांतरावांनी गाडीची साग्रसंगीत पूजा केली. नारळ फुटला, झेंडूचा हार चढला, मंडळाची चार माणसं पेढे खाऊन गेली. दुसऱ्या दिवशी श्यामलाबाई गाडी घेऊन निघाल्या आणि कोपऱ्यावरच तिचं काहीतरी बिनसलं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी इंजिनाचा वेग खाली येईना, नुसतं घरघरत राहिलं, मध्येच खोकल्यासारखं फटकन उडालं. त्यांनी स्क्रू फिरवून पाहिले. काही उपयोग झाला नाही. शेवटी नाइलाजाने जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या टेरीला फोन केला.

टेरी आला आणि दारातच म्हणाला, “नवरा आहे का घरी, लव्ह?”

“आहे. शब्दकोडं सोडवतोय. गाडी माझी आहे.”

टेरीने मान हलवली, बॉनेट उघडलं, दोन मिनिटं कान दिला, दोन स्क्रू पिळले. तेवढ्यात श्रीकांतराव चहा घेऊन बाहेर आले. लगेच टेरीची पाठ श्यामलाबाईंकडे झाली आणि तोंड श्रीकांतरावांकडे. “व्हॉल्व्ह जळलाय, मेट. इंजिन उतरवावं लागेल.” श्रीकांतराव विद्यार्थ्याचं उत्तर ऐकल्यासारखी मान डोलवत राहिले. श्यामलाबाई हात धुवायला आत गेल्या, आणि परत येईपर्यंत शनिवारी ट्रक पाठवायचं ठरूनही गेलं होतं.

“अहो, तुम्ही हो म्हणालात?”

“अगं, त्याचा ओघच असा होता, मध्ये बोलायला जागा सापडेना.”

“तुमची दाढ दुखली तर मी परस्पर कवळी सांगून येऊ?”

श्रीकांतरावांनी जिभेने दाढ चाचपली.

टेरीची शेड श्यामलाबाईंनी पाहिली होती. निळ्या ताडपत्रीखाली इंजिन काढलेल्या गाड्या तिथे वर्षानुवर्षं पडून असत, आणि मालक कंटाळून एक दिवस मिळेल त्या भावाला देऊन टाकत. या वयात वाट बघायला वर्षं कुठून आणायची? त्यांची गाडी एकदा त्या शेडमध्ये गेली की गेली, हे त्यांना लख्ख कळत होतं. पण व्हॉल्व्ह खरंच जळला असेल, तर दारात ठेवून तरी काय करणार? ट्रक येईपर्यंत दोष सापडला तर ठीक, नाही तर जाऊ दे, असं त्यांनी मनाशी ठरवलं. संशय होता टेरीवरच. मागच्याच महिन्यात त्याने फिल्टर बदलून दिला होता, तेव्हा कार्बोरेटर बसवायचा कुठलातरी बोल्ट ढिला करून ठेवला असणार. आठवडाभर त्या मनातल्या मनात टेरीला फैलावर घेत होत्या.

शनिवारी सकाळी त्यांनी इंजिनाच्या नळीला हवेची ओढ मोजणारा व्हॅक्युम गेज जोडला आणि गाडी सुरू केली. काटा खाली होता, पण स्थिर. व्हॉल्व्ह जळला असता तर त्याने ठेक्यात उड्या मारल्या असत्या. म्हणजे व्हॉल्व्ह धडधाकट होता आणि कुठूनतरी फुकटची हवा आत शिरत होती. काटा पाहायची तसदी टेरीने घेतली नव्हती. श्यामलाबाईंचं डोकं आणखी तापलं.

टेरीचा ढिला बोल्ट काही सापडेना. सगळे घट्ट होते, गळती शोधायला कार्बोरेटरच्या बुडाशी क्लीनरचा फवारा मारला तरी आवाजात फरक पडला नाही. मग त्यांनी वरचा फिल्टर काढला. खाली कार्बोरेटरची चार तोंडं दिसली. पुढची दोन नेहमीची, मागची दोन जोरात पळवताना उघडणारी. मागच्या तोंडांवर त्यांनी जाड पुठ्ठा धरला, आणि इंजिन एकदम शहाण्यासारखं खाली आलं.

त्यांनी गाडी बंद केली, टॉर्च तोंडात धरला आणि आत वाकल्या. मागच्या झडपेच्या कडेला काहीतरी अडकलं होतं, त्यामुळे ती पुरती मिटत नव्हती. चिमट्याने त्यांनी ते अलगद काढलं आणि तळहातावर घेतलं.

तांदळाचा दाणा होता. कुंकवाने लाल झालेला.

“अहो, जरा बाहेर या.”

श्रीकांतराव आले. दाण्याकडे बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “अक्षता दिसतात.”

“कुणाच्या?”

“तू इंजिनावरचं ते गोल झाकण पॉलिशला काढलं होतंस ना. म्हटलं, झाकणाची कसली पूजा, साक्षात इंजिनालाच वाहाव्यात.”

“किती?”

“मूठभर. वर्षाचा सण.”

म्हणजे बाकीचे दाणे इंजिनाने केव्हाच गिळले होते आणि हा एक जाता जाता अडकला होता. आठवडाभर टेरीच्या नावाने जपून ठेवलेला राग आता घरातच खर्च करावा लागणार, याचाच श्यामलाबाईंना जास्त राग आला. शिवाय झाकण उघडं टाकलं होतं त्यांनी स्वतः.

“तुम्ही आता इथून हला,” एवढंच त्या म्हणाल्या.

टेरीने पिळून ठेवलेले मिश्रणाचे दोन्ही स्क्रू त्यांनी पहिल्यापासून लावले. एक थोडा सोडायचा, काटा चढतो का बघायचं, मग दुसरा, मग परत पहिला. काटा जिथून पुढे जाईना तिथे थांबल्या. शेवटी आयडलचा, म्हणजे उभ्या गाडीच्या वेगाचा, स्क्रू बेताने कमी केला. गाडी जाड, समाधानी आवाजात गुरगुरू लागली. श्यामलाबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या, झोपलेल्या पेशंटचा श्वास ऐकावा तशा.

ट्रक आला तेव्हा त्या बॉनेटवर वाकलेल्या होत्या, हातात स्क्रूड्रायव्हर, कोपरापर्यंत काळं. टेरी उतरला. आवाज ऐकून त्याच्या भुवया वर गेल्या. तो थेट दारातल्या श्रीकांतरावांपाशी गेला आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, “शाब्बास, मेट. कसं जमवलंस?”

श्यामलाबाईंनी मान वर केली. स्क्रूड्रायव्हरवरची मूठ आवळली गेली.

श्रीकांतरावांनी हात सोडवून घेतला. “मी फक्त तांदूळ टाकले होते,” ते म्हणाले. “गाडीचं काही विचारायचं असेल तर डॉक्टरीणबाईंना विचार. त्या तिकडे आहेत.”