तांडेलांचा डावा पाय

बर्फाच्या लादीवर नुसता तळहात टेकवून तांडेल सांगत, "हा उमरोलीलाच पानी होल. दुसरा फोड." त्यात ते कधी चुकले नाहीत. नवापूरच्या मासेमारी बोटीवर तीस वर्षं मुख्य खलाशी, म्हणजे तांडेल, राहून ते बोईसरच्या एका खाजगी इस्पितळात ऑपरेशन थिएटरचे मदतनीस झाले. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

मी पालघरची, मुंबईत संशोधन करत होते. नव्वद साल उलटलं होतं. बिडी-तंबाखूने धमन्या बुजून पाय काळे पडलेले रुग्ण त्या इस्पितळात येत आणि कापलेल्या पायातली धमनी मी बर्फात ठेवून गाडीने मुंबईला घेऊन जाई; उमरोली हे वाटेतलं पहिलंच स्टेशन. रक्तवाहिनीच्या पेशी एकमेकींना आवळ, सैल हो, असे रासायनिक निरोप देतात. रोगट धमनीत त्या निरोपांची कोणती जनुकं किती जागी असतात, हे मला बघायचं होतं. त्यासाठी लागणारा आरएनए फार नाजूक, जरा उशीर झाला की संपला.

हे समजावायला गेले तर तांडेल म्हणाले, "म्हंजे बोंबलासारका. बाय, माला नको शिकवू." सर्जनच्या हातातून तुकडा सुटायच्या आत त्यांचा बर्फ खाली तयार असे. माझे अर्धे नमुने त्यांच्यामुळे टिकले. प्रबंधाच्या आभारात मात्र त्यांचं नाव नाही. तिथे प्राध्यापकांची रांग होती.

तांडेल लंगडत. चार पावलांवर थांबून डावी पोटरी चोळत, बिडी पेटवत. "बर्फानं खाल्लाय पाय. बोटीच्या बर्फाच्या खनात तीस वर्सं उबा रायलो ना." नवापुरात बऱ्याच म्हाताऱ्यांचे पाय असेच बधिर, त्यामुळे घरच्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. आणि चालताना पोटरी दुखणं, थांबल्यावर राहणं, हे लक्षण माझ्या प्रबंधाच्या पहिल्याच पानावर होतं.

अंगठा काळा पडला तेव्हा फार उशीर झाला होता. पाय मांडीपासून गेला. त्या दिवशी बर्फ मी फोडला आणि, सांगायला लाज वाटते, धमनीही घेतली. इतका स्वच्छ नमुना मला पुन्हा मिळाला नाही.

महिन्याभराने नवापूरला भेटायला गेले. ते ओट्यावर बसले होते. "काय निगाला माज्या शिरत?"

मी सांगितलं. आवळायचा निरोप भरमसाट, सैल करायचा जवळजवळ बंद.

"नि हा आदी कलला असता?"

खोटं बोलवेना. "कळलं असतं, काका. यंत्रही लागलं नसतं. घोट्यामागे दोन बोटं ठेवून नाडी बघायची असते."

 त्यांनी उजवा पाय पुढे सरकवला. "मंग हा बग."

दोन वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांच्या पायाशी वाकले. घोट्यामागे बोटं ठेवली, जागा बदलून पुन्हा ठेवली. बोटांना काहीच लागलं नाही.